मागचे वॅट

सर्जेराव चौगुले मास्तरांना डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण त्यांना गुंडाळणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. 'डाव्या हाताला हिरवं शेत आहे' एवढं सांगून सुटायची सोय नव्हती. पाठीमागून लगेच यायचं, "हिरवं म्हणजे कुठलं हिरवं? हिरवे काय एक-दोन आहेत होय जगात?"

मास्तरांनी पस्तीस वर्षं कोल्हापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खाल्ली आणि चार वर्षांत पार संपवली. वैद्यकानं एवढ्या उड्या मारल्या, पण वाळलेली डोळ्याची नस परत जिवंत करायची विद्या अजून कुणाला साधली नव्हती. मास्तर महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तेव्हा त्यांची मुलगी राजनंदिनी, घरची नंदू, एक जोडसायकल घेऊन आली. एकाच सांगाड्यावर मागंपुढं दोन सीटा, दोन हँडलं आणि दोघांची पायडलं एकाच साखळीला जोडलेली. "उठा पप्पा," ती म्हणाली, "मी बघते, तुम्ही पायडल मारा."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बापलेक शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याला जायची आणि परत येताना गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध पिऊन घरी यायची. वाटेत जे दिसेल ते नंदूनं सांगायचं, हा कायदा. बाजारात तोवर बोलके चष्मे आले होते, समोरचं ओळखून कानात सांगणारे. मास्तरांच्या पुतण्यानं एक आणूनही दिला. तो म्हणायचा, 'उजवीकडे म्हैस. अंतर सहा मीटर.' मास्तरांनी दोन दिवसांत तो कपाटात टाकला. "म्हैस हाय ते मला वासानं कळतंय," ते म्हणाले. "ती कुठल्या मूडमध्ये हाय, ते ह्या गाढवाला सांगता येत न्हाई."

नंदूला सांगता यायचं. "म्हैस आत्ताच पाण्यातनं निघालीय, पप्पा. अर्धी काळी चकचकीत, अर्धी वाळून करडी. आणि रस्ता तिच्या नावावर केलाय असं तोंड करून उभी आहे." मग मास्तर मागं खूश. सायकलच्या हँडलवर एक छोटा पडदा होता. त्यावर दोघांच्या पायांतला जोर वेगवेगळा दिसायचा, वॅटमध्ये. दिव्याचा असतो तोच वॅट. मास्तरांचा आकडा एरवी सत्तर-ऐंशीच्या आसपास असायचा, पण नंदूचं वर्णन जमलं की तो सव्वाशेवर जायचा. आणि नंदूला काही आवडीचं दिसलं की तिचे पाय तिच्या नकळत क्षणभर सैल पडायचे. साखळी एकच, त्यामुळं ते मास्तरांच्या तळपायांना आधी कळायचं. ती तोंड उघडायच्या आत ते विचारायचे, "काय दिसलं गं?"

एका डिसेंबरात उसाला तुरे आले होते. त्या तुऱ्यांचा रंग सांगायला नंदूला केर्लीपासून वाघबीळपर्यंत लागलं. पांढरा म्हणावा तर नाही, करडा म्हणावा तर नाही. शेवटी ती म्हणाली, "भरताचं वांगं भाजून साल सोलतो ना, त्या सालीच्या आतल्या बाजूचा रंग. राखाडी, पण पोटात जांभळा."

 मागचा आकडा एकशे चाळीस दाखवत होता. मग मास्तर हळू म्हणाले, "दिसला."

त्या एका शब्दावर नंदूचा पुढचा आठवडा जायचा.

ही झाली रविवारची सायकल. बाकीच्या सहा दिवसांची सायकल वेगळी होती, आणि ती एकटीची होती. नंदू महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता होती, पण जीव सगळा शर्यतीत. मंगळवारी चार मिनिटं जीव तोडून आणि तीन मिनिटं सावकाश, असं आठ वेळा. गुरुवारी चढ. शनिवारी लांब पल्ला, तोही ठरल्या नाडीच्या वर नाही की खाली नाही. हे वेळापत्रक फोनमधला सराव-कार्यक्रम, म्हणजे अ‍ॅप, आखायचा आणि रविवारच्या पन्हाळ्याला लाल रंगात दाखवायचा. खाली लिहायचा, 'हेतुहीन अंतर'. नंदू ते वाचून हसायची. पण दोन वर्षं लागोपाठ राज्याच्या संघाची निवड तिच्या हातून निसटली, पहिल्यांदा अकरा सेकंदांनी आणि दुसऱ्यांदा नऊ, तेव्हा तिचं हसू कमी झालं. संघात एकोणतिशीच्या पुढचं नवं कुणी घेत नसत. तिला अठ्ठाविसावं संपत आलं होतं. येत्या दसऱ्यानंतरची निवड ही शेवटची, आणि ती तिच्याच रस्त्यावर होणार होती, वाघबीळ ते पन्हाळ्याचा नाका. हे हुकलं तर पुन्हा नाही.

होळीनंतर ती पुण्याला डॉक्टर शाल्मली देवधरांच्या प्रयोगशाळेत गेली ती या घायकुतीपोटी.

देवधरबाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, बोलताना हातातला पेन सारखा उघडझाप करणाऱ्या. त्यांनी नंदूला आधी उंदीर दाखवले. पिंजऱ्यात एक चाक होतं आणि उंदीर त्यावर सुसाट पळत होता.

"याला खाऊ लावलेला नाही, मागे मांजर नाही," बाई म्हणाल्या. "तरी रात्रभर पळतो. का, माहितीये?"

"मजा येते म्हणून," नंदू म्हणाली. "आमच्यासारखंच."

"तुमच्यासारखंच. आता ऐका. चढावर तुम्ही थांबता तेव्हा पाय संपलेले नसतात. त्याआधीच मेंदू ब्रेक लावतो. थोडा दम तो कायम राखून ठेवतो, जिवाला धोका नको म्हणून. हा ब्रेक कशानं सैल होतो? भीतीनं होतो, आणि त्याहून जास्त आनंदानं होतो. मेंदूत खोलवर शेंगदाण्याएवढी जागा आहे. मजा वाटते ती तिथून सुटते." त्यांनी टेबलावरची रुपयाएवढी चकती उचलली. "ही हेल्मेटच्या आत, कानामागे बसते. आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज त्या जागेवर सोडते. सायकल चालवताना मजेचा मार्ग बंद होतो. पण मजा तयार व्हायची थांबत नाही. तुम्ही पाणी खात्यातल्या ना? टाकीत पाणी येतंय आणि खालचा व्हॉल्व्ह बंद आहे. सात महिने. आणि शर्यतीच्या दिवशी एकदम उघडायचा."

"उंदरांचं काय झालं?"

"त्यांना चाकावरून उचलून काढावं लागलं. थांबेचनात."

या यंत्रणेचं नाव बाईंनी 'संयम' ठेवलं होतं. नंदूनं कागदांवर सह्या केल्या. बाईंनी शेवटचा कागद मात्र स्वतः मोठ्यानं वाचला. आठवड्यातून एक दिवस चकतीशिवाय सायकल चालवायची. त्या दिवशी घड्याळ नाही, आकडे नाहीत, आणि बरोबर आवडीचं माणूस. मोकळा दिवस.

"हा सल्ला नाही, अट आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या उंदरांना मी मोकळा दिवस दिला होता. तो न दिल्यावर काय होतं, ते मला माहीत नाही."

नंदूला मनातून बरंच वाटलं. आवडीचं माणूस घरातच होतं, रविवारही ठरलेलाच होता.

पहिला मोकळा रविवार झकास गेला. पण सोमवारी तिनं फोन उघडला तर 'संयम'चा साठा सहा टक्क्यांवरून चारावर आला होता. सहा दिवस कोरडे पाय मारून जे जमलं, त्यातला तिसरा हिस्सा एका रविवारी वाहून गेलेला. तिनं संध्याकाळी जेवताना ते घरी सांगितलं. सहज सांगितलं असं ती स्वतःला म्हणाली, पण सहज नव्हतं.

मास्तरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्यांचे वडील नामांकित पैलवान. या घराला एक भाषा पक्की ठाऊक होती, तालमीची. मैदान ठरलं की पैलवान सगळ्यावर पाणी सोडतो. गोड बोलत नाही, घरी झोपत नाही, पोराला मांडीवर घेत नाही. जेवढं सोडाल तेवढं अंगात येतं, यावर तीन पिढ्यांचा विश्वास होता.

"मग रविवार कशाला मोकळा?" मास्तर म्हणाले. "पैलवान कधी रविवार पाळतोय काय? त्या बाई पुण्याच्या, त्यांना काय ठाऊक. तू चकती लावूनच चल. माझं अडुसष्ट किलोचं वजन मागं आहे, तेवढीच तुझी चढाची मेहनत होईल."

"पण मग मला सांगता येणार नाही, पप्पा. वाटेतलं."

"नको सांगूस. सात महिन्यांचा तर प्रश्न. मी एवढी वर्षं अंधारात काढली, सात महिने काय घेऊन बसलीस."

नंदूची आई कल्पनाबाई गॅसपुढूनच बोलल्या. "मामंजी सहा-सहा महिने माझ्या सासूबाईंशी बोलायचे नाहीत, खरं आहे. पण लाल मातीत उतरताना पोरासारखे हसायचे. ते कुणी बंद केलं नव्हतं त्यांचं."

"तुला कुस्तीतलं काय कळतंय," मास्तर म्हणाले, आणि विषय मिटला.

खरं सांगायचं तर नंदूला हेच ऐकायचं होतं. ते स्वतःच्या तोंडानं म्हणायची लाज वाटत होती, एवढंच. दर रविवारी रात्री फोन विचारायचा, 'मोकळा दिवस झाला?' ती 'हो' दाबायची.

एप्रिल, मे, जून. चकती दुखत नव्हती, टोचत नव्हती, कळतसुद्धा नव्हती. सायकलवर बसलं की जग सपाट व्हायचं, उतरलं की परत जागेवर यायचं. गंगावेशीत दूध पिताना ती पूर्वीसारखीच हसायची, मिशीला लागलेल्या फेसावरून मास्तरांना चिडवायची. त्यामुळं काही बिघडतंय असं दोघांनाही वाटलं नाही. आकडे तर असे सुधारत होते की सराव-कार्यक्रमानं पहिल्यांदा रविवार हिरवा केला. 'हेतुहीन अंतर' जाऊन तिथं 'भारवाहू चढ' आलं. मास्तरांना तिनं ते वाचून दाखवलं. "म्हणजे मी भार," ते म्हणाले आणि दोघंही हसली.

वाटेवर मात्र शांतता असायची. सवयीनं कधी तिला वाटायचं, काहीतरी सांगावं. मग ती सांगायची, "उजवीकडे म्हैस."

मास्तर मागून म्हणायचे, "बरं."

एकदा श्रावणात, केर्लीच्या पुढं, ते म्हणाले, "मी आज तो चष्मा लावून आलोय काय गं?"

नंदूला ते समजलं. तिला हेही समजलं की आपल्याला वाईट वाटायला हवं आहे. पण ती सायकलवर होती, नाडी एकशे अठ्ठेचाळीस होती, आणि वाईट वाटण्यात बाप जवळ असण्याचा जो गोडवा मिसळलेला असतो तो बंद होता. ती गोलाकार, सारखे, न चुकता पाय मारत राहिली. घरी आल्यावर मोरीत हातपाय धुताना तिला एकदम रडू आलं. तिनं नळ मोठा केला.

"थोडंच राहिलंय," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"मी कुठं काय म्हटलं?" मास्तर म्हणाले. "जिंकलीस की सगळं एकदम सांग. मी वाट बघतोय." आणि त्यांनी खरंच ठरवून टाकलं होतं. शर्यत झाली की दुसऱ्या दिवशी सबंध रस्ता, पुलापासून नाक्यापर्यंत, तिच्याकडून परत ऐकायचा. कल्पनाबाईंना ते बोलूनही दाखवायचे.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी निवड झाली. वाघबीळला एकेक स्पर्धक मिनिटामिनिटानं सोडत होते. नंदूनं हेल्मेटमधून चकती काढून पिशवीत टाकली. फोनवर साठा सत्त्याण्णव टक्के होता. शिट्टी झाली, तिनं पहिलं पायडल मारलं, आणि व्हॉल्व्ह उघडला.

ती आधी हसली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. रस्त्याचा काळा डांबरी रंग तिला इतका आवडला की छाती भरून आली. मग कडेचं गवत आलं, शेंड्याला पिवळं पडायला लागलेलं, आणि तेरडा. सगळ्या उतारावर तेरडा. सात महिन्यांचे सगळे रविवार एकदम अंगावर आले. न सांगितलेली प्रत्येक म्हैस, प्रत्येक ढग, गुऱ्हाळाचं बंद धुराडं, सगळं तिच्यातून वर उसळलं आणि तिला ते एकटीला पेलेना.

"पप्पा," ती ओरडली, "तेरडा बघा."

सायकल एका सीटची होती. मागं कुणी नव्हतं. पण तिला थांबता येईना. प्रत्येक वळणावर ती मोठमोठ्यानं सांगत गेली. जांभळा कुठला, ते सांगितलं. जोतिबाच्या डोंगरावर ऊन कसं तिरकं पडलंय, ते सांगितलं. कठड्यावर बसलेल्या म्हातारीच्या लुगड्याचा रंग तिला असा अचूक सापडला की ती आनंदानं रडायला लागली. पुढं सुटलेल्या दोन मुलींना तिनं मागं टाकलं. त्यांना वाटलं, ही चढाला बडबडतेय म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झाला. पाय दुखत होते का, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. असं सुख तिनं आयुष्यात भोगलं नव्हतं.

अठरा मिनिटं एक्केचाळीस सेकंद. दुसरीपेक्षा बावन्न सेकंद कमी. ती संघात गेली.

नाक्यावर कल्पनाबाई मास्तरांचा हात धरून उभ्या होत्या. मास्तरांनी नंदूचं घामेजलेलं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या बंद पापण्या ओल्या होत्या. "शाबास," ते म्हणाले, आणि मग राहवेना म्हणून लगेच, "काय काय दिसलं?"

"तेरडा होता, पप्पा."

"कुठला जांभळा?"

नंदूनं तोंड उघडलं. तिसऱ्या वळणावर तिला तो शब्द सापडला होता. अगदी नेमका, मास्तरांनी 'दिसला' म्हटलंच असतं असा. तिनं आठवायचा प्रयत्न केला. आनंद झाला होता एवढं पक्कं आठवत होतं. कशाचा झाला होता, ते सगळं पुसलं गेलं होतं.

"सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "वर येताना. मोठ्यानं सांगितलं होतं."

"कुणाला?"

"तुम्हाला."

मास्तरांचा हात तिच्या केसांवरून खाली आला. "असू दे," ते म्हणाले. "दमलीस. उद्या रविवारच आहे."

रविवारी चकती नव्हती, घड्याळ नव्हतं, पडद्यावरचे तिचे आकडेसुद्धा तिनं झाकून टाकले होते. फक्त मागचे वॅट उघडे ठेवले, तेवढे तिला बघायचे होते. पूल आला. पंचगंगा खाली होती. नंदूनं पाण्याकडं पाहिलं आणि वाट बघत राहिली, काहीतरी वाटेल म्हणून. पाणी होतं. मग शेतं होती. एक माणूस बैल धूत होता. केर्ली गेलं, वाघबीळ गेलं. तेरड्यानं भरलेला तोच उतार समोर आला. तिला तो स्पष्ट, स्वच्छ दिसत होता. तिचे पाय गोल फिरत राहिले, एकदाही सैल पडले नाहीत.

"पप्पा, तेरडा आहे. सुंदर आहे," ती म्हणाली.

मास्तरांच्या तळपायांना खोटं कळत होतं. "व्हय," ते म्हणाले.

चार रविवार असे गेले. मग ती पुण्याला गेली.

देवधरबाईंनी तिच्या मेंदूच्या चित्रांकडं बराच वेळ पाहिलं. पेनची उघडझाप थांबली होती. "मोकळे दिवस किती घेतलेत?" त्यांनी विचारलं.

"एक."

"फोनवर तर दर आठवड्याला..."

"मी खोटं दाबत होते."

बाई खुर्चीत मागं टेकल्या. रागावल्या नाहीत, त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "चकती व्हॉल्व्ह बंद करत होती," त्या म्हणाल्या. "दोनशे दिवस सलग बंद राहिल्यावर मेंदूनं ती सवय स्वतः लावून घेतली. आता सीट आणि पायडल लागलं की तोच बंद करतो. चकतीची गरज उरली नाही. शर्यतीच्या दिवशी साठ्याच्या दाबानं तो एकदा उघडला. आता मागे दाब नाही. बाकी आयुष्यात तुम्हाला काही कमी पडणार नाही. फक्त सायकलवर."

"फक्त सायकलवर," नंदू म्हणाली.

"शर्यती खेळता येतील. आकडे उत्तम आहेत."

"उघडेल का परत?"

"मी शोधत राहीन. पण उद्या, परवा, पाच वर्षांनी, असं काही सांगू शकत नाही. खोटी आशा दाखवणार नाही मी तुम्हाला."

परतीच्या बसमध्ये नंदूला स्वतःचीच किळस आली. पाणी खात्यात दर शुक्रवारी ती एका कागदावर सही करायची. शहरात वापरात नसलेले जेवढे व्हॉल्व्ह आहेत, ते चावीवाल्यानं जाऊन एकदा पूर्ण उघडायचे आणि परत बंद करायचे. पाणी सोडायचं नसलं तरी. कारण बंद ठेवलेला व्हॉल्व्ह गंजून जाम होतो आणि मग चावी मोडते पण तो फिरत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिला हे शिकवलं होतं. सात वर्षं ती सही करत होती. देवधरबाईंनी तर तिच्याच भाषेत सांगितलं होतं, आणि तिनं बापाचं तालमीतलं ऐकलं, कारण तिला ते सोयीचं होतं.

घरी तिनं सगळं सांगितलं. मास्तर बराच वेळ खाटेवर बसून गुडघे चोळत राहिले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "मी मातीच काढून घेतली तुझी."  कल्पनाबाईंना जे सांगायचं होतं ते त्या आधीच सांगून चुकल्या होत्या.

संघाचं शिबिर झालं. नंदू तिथं पहिल्या तिघींत होती. शिक्षक म्हणाले, ही मुलगी यंत्रासारखी चालवते. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं.

डिसेंबरात ती सुट्टीवर घरी आली. रविवारी सकाळी मास्तर आपले आपण बूट घालून दारात उभे होते.

"आज तू बोलू नको," ते म्हणाले. "आज मी सांगतो."

पूल ओलांडल्यावर त्यांनी सुरुवात केली. डोळे गेलेला माणूस डोळे असलेल्या पोरीला रस्ता दाखवू लागला. वाऱ्यावरून, वासावरून आणि तिनंच कधीकाळी सांगितलेलं सगळं आठवून. "डाव्या अंगाला नदीवर वाफ हाय. दुधावर साय धरायच्या आधी जशी हलती, तशी." मागचा आकडा एकशे दहा. "गुऱ्हाळ लागलंय. धूर सरळ वर जाऊन मग एकदम वाकतोय, बघ." एकशे वीस. ते धापा टाकत होते, पण थांबत नव्हते. "ही म्हैस आली. ही कालची भांडून आलीय, पाय आपटतीय बघ कशी. दिसतंय का?"

"दिसतंय, पप्पा."

तिला खरंच सगळं दिसत होतं. ते सांगत होते ते बरोबर होतं. ते किती चांगलं सांगतायत, हेसुद्धा तिला कळत होतं. तिनं मनातल्या मनात पायांना विनवलं, एकदा सैल पडा, एकच डाव. पण मुद्दाम सैल सोडलेले पाय आणि सैल पडलेले पाय यांतला फरक मागच्या माणसाला कळला असता, म्हणून तिनं तेही केलं नाही.

वाघबीळ जवळ आलं. उसात वारा शिरल्याचा आवाज येत होता, कोरडा, घासल्यासारखा.

"तुरे आलेत," मास्तर म्हणाले.  "भरताचं वांगं भाजल्यावर सालीच्या आतनं जो रंग असतोय, तो. राखाडी, पण पोटात जांभळा." ते थांबले. "हाय का गं अजून तसाच?"

नंदूनं पाहिलं. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ऊस होता आणि त्यावर तुरे डुलत होते. रंग तसाच होता, अगदी तिनं सांगितला होता तसाच.

"हो," ती म्हणाली. "तसाच आहे."

मास्तर आपल्या तळपायांनी वाट बघत होते. पायडलं गोल फिरत होती, एका लयीत, मिनिटाला पंच्याऐंशी.

पडद्यावर मागचा आकडा नव्वद झाला. मग पन्नास. मग बारा. मग तिथं शून्य आलं आणि शून्यच राहिलं. मास्तरांचे पाय फिरत होते, पण ते साखळी फिरवत होती म्हणून.

चढ आता सुरू होत होता. नंदूनं मागं वळून पाहिलं नाही. तिनं गिअर एक खाली घेतला आणि दोघांचं वजन एकटीनं ओढत चाल राखली.

येताना गंगावेशीत दोघांनी दूध घेतलं. पुढच्या रविवारी नेहमीच्याच वेळेला निघायचं, असं ठरलं.